घरामागील परसाची पुनर्रचना

आमच्या बहुतेक खेड्यांतून असें दृष्टीस पडतें कीं, ज्या कास्तकाराचा मळा पाहण्यास शेजारच्या गांवचीं माणसें येतात, त्याच्याच घरामागील परस अगदीं ओसाड असतो. पायांनीं तुडवून दगडासारखी झालेली जमीन, एका कोपऱ्यांत गंजलेले पत्रे, दुसऱ्यांत उकिरडा, आणि मोरीच्या तोंडाशीं बारमाही काळें डबकें. अलीकडे या दैन्यावर उपाय म्हणून सबंध आवारास सिमेंटचा थर देण्याची चाल पडली आहे. चिखल जातो हें खरें. पण तो थर उन्हाळ्यांत दिवसभर तापून रात्रीं उशिरापर्यंत घराकडे उष्णता टाकीत राहतो, आणि मुरावयाचें पाणी वाहून रस्त्यावर जातें. ज्या घराची विहीर मार्चांत आटते त्या घरानें तरी ही चाल उचलूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परसाचें काम रोपें विकत आणण्यापासून सुरू करूं नये. प्रथम पाण्याची चाल पाहावी. मोठ्या पावसांत स्वतः परसांत उभें राहावें, व पाणी जेथें थांबतें तेथें खुंट्या ठोकाव्या. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत ६ इंच तरी उतार बाहेरच्या बाजूस हवा. तो नसेल तर मुरूम टाकून आधीं करून घ्यावा. छपराचें पाणी थोडें समजूं नये. १,००० चौरस फुटांच्या छपरावर १ इंच पाऊस पडला तर सुमारें २,३०० लिटर पाणी होतें. तें पायाशीं न सोडतां चर काढून झाडांकडे न्यावें. जमिनीची परीक्षा सोपी आहे. १ फूट खोल खड्डा पाण्यानें भरावा, तें मुरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशींही पाणी शिल्लक राहिलें तर तेथें लिंबू व पपई लावूं नये. या दोन्ही झाडांचीं मुळें सांचलेल्या पाण्यानें कुजतात.

मोरीच्या सांडपाण्याची व्यवस्था हा या कामाचा खरा गाभा होय. हत्तीरोग पसरविणारे डास अशाच घाण पाण्यांत वाढतात, म्हणून डबक्याचा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. मोरीच्या तोंडाशीं एक लहान हौद करून त्यांत खरकटें अडवावें व तें आठवड्यास काढावें. पुढें १०-१२ फूट लांबीचा, गोट्यांनीं भरलेला चर करून त्यांत कर्दळ व अळू लावावें, आणि शेवटीं केळीचे दोन-तीन बुंधे असावे. एवढी झाडें पुष्कळ पाणी पिऊन टाकतात. उरलेल्या पाण्यासाठीं शोषखड्डा करणें झाल्यास तो पिण्याच्या विहिरीपासून ५० फुटांच्या आंत नसावा. साबणांतील सोड्यानें काळी जमीन घट्ट होत जाते, यास्तव मधून मधून चरास स्वच्छ पाणी द्यावें. कोथिंबीर, मुळा वगैरे कच्च्या खाण्याच्या भाज्यांस मोरीचें पाणी कदापि देऊं नये.

आतां उन्हाविषयीं. पुण्याच्या बाजूस मेच्या मध्यास दुपारचा सूर्य ठीक डोक्यावर येतो. त्या वेळीं दक्षिणेच्या झाडाची सावली घरास मिळत नाहीं. घर तापतें तें तिसऱ्या प्रहरच्या पश्चिमेच्या उन्हानें. म्हणून मोठें झाड, उदाहरणार्थ कडुनिंब, पश्चिमेस लावावें, व तें भिंतीपासून २० ते २५ फुटांवर असावें. काळ्या जमिनींत जवळचें झाड पायाखालची ओल ओढून घेतें, जमीन आकसते व भिंतीस तडे जातात. दक्षिण व पूर्व बाजू मोकळी ठेवावी. हिवाळ्याचें कोंवळें ऊन व वाळवण या दोहोंसही ती लागते. वड, पिंपळ व उंबर घर आणि विहीर यांपासून दूरच बरे. गुलमोहराच्या फुलांस कित्येक भुलतात, पण त्याच्या फांद्या वाऱ्यानें मोडतात. शेवग्याचेंही लांकूड ठिसूळ असतें, तथापि तो उपयोगी असल्यानें छपरापासून लांब लावावा व शेंगा निघाल्यावर ३ फुटांवर छाटावा. कढीपत्त्याच्या बुडाशीं फुटवे येतातच, ते शेजाऱ्याकडून मागून आणावे.

कुंपणास करवंद किंवा मेंदी उत्तम. कण्हेर सर्वांगीं विषारी आहे व घाणेरीचा पाला गुरांस बाधतो. ज्या परसांत वासरूं मोकळें फिरतें तेथें या दोन्ही नकोत, मग फुलें कितीही सुंदर असोत.

वाट आंखतांना दोरी लावून सरळ रेघ ओढूं नये. आठ दिवस घरचीं माणसें कोठून चालतात तें पाहावें. पायांनीं पाडलेली वाट तीच कायम करावी, नाहींतर वाफे तुडविले जातील. आणि या सर्व गोष्टी ठरवितांना घरांतील स्त्रियांस आधीं विचारावें. धुण्याचा दगड, तुळस, अबोली, मिरचीचा वाफा कोठें असावा हें त्यांस जितकें कळतें तितकें आपणांस कळत नाहीं. रोजचें पाणी घालणेंही पुष्कळदां त्यांच्याच माथीं येतें.

एक गोष्ट महसुली कामांत आयुष्य गेल्यामुळें सांगावीशी वाटते. हद्दीवरच्या एका झाडावरून दोन घरांचें बोलणें पिढ्यान्‌पिढ्या बंद पडल्याचीं प्रकरणें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. पसरणारें झाड हद्दीपासून १५ फूट तरी आंत घ्यावें, व खड्डा खणण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलावून जागा दाखवावी. खड्डे एप्रिलांत ३ फूट लांब, रुंद व खोल खणून उन्हांत तापूं द्यावे. मेअखेर वरची माती व चांगलें कुजलेलें शेणखत घालून ते जमिनीच्या वर चार बोटें भरावे, कारण पावसानें माती बसते. आणि लावणी पहिला दमदार पाऊस झाल्यावर, ढगाळ दिवस पाहून, सायंकाळीं करावी.