‘कझिन’ : एक शब्द, आठ नाती

इंग्रजी शिकू लागलेल्या चिनी विद्यार्थ्याला जे शब्द प्रथम सोपे वाटतात आणि पुढे दीर्घकाळ छळतात, त्यांत ‘कझिन’ या नामाची गणना करावी लागेल. शब्दकोशात त्याच्यापुढे एकच चिनी प्रतिशब्द देता येत नाही. आठ द्यावे लागतात.

चिनी भाषेत या नात्याचे प्रथम दोन भाग पडतात. वडिलांच्या भावाची मुले ती ‘थांग’; आत्या, मामा आणि मावशी यांची मुले ती ‘ब्याओ’. ‘थांग’ म्हणजे घराचे मुख्य दालन आणि ‘ब्याओ’ म्हणजे बाहेरची बाजू. एकाच दालनातले, एकाच आडनावाचे ते आपले. बाकीचे कितीही जिव्हाळ्याचे असले तरी बाहेरचे. यापुढे ते नातलग पुरुष आहे की स्त्री, आणि आपल्याहून वडील आहे की धाकटे, हेही शब्दातच सांगावे लागते. थोरला चुलतभाऊ ‘थांग-ग’, धाकटा ‘थांग-दी’, थोरली चुलतबहीण ‘थांग-ज्ये’, धाकटी ‘थांग-मेई’. ‘ब्याओ’चे असेच चार. मराठी वाचकाला यातील निम्मी गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपले ‘चुलत’ म्हणजे नेमके ‘थांग’; मात्र चिनी माणूस ज्यांना ‘ब्याओ’ या एका शब्दात गोळा करतो, त्यांना आपण आते, मामे आणि मावस असे वेगळे ठेवतो. उलट, वयाचा जो भेद चिनी शब्दाच्या पोटातच असतो, तो आपल्या या शब्दांत नाही.

इंग्रजी शब्द यांपैकी काहीच सांगत नाही. विशेष असे की, त्याचे मूळ अत्यंत काटेकोर होते. ज्या लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याचा मूळ अर्थ मावसभावंड असा होता. पुढे तो सैल होत गेला. शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो कोणत्याही आप्ताला चाले. ‘हॅम्लेट’ नाटकातील राजा क्लॉडिअस आपल्या पुतण्यालाच ‘कझिन’ म्हणतो.

शिकणाऱ्याची खरी अडचण मात्र वाक्यात उद्भवते. ‘कझिन’ शब्दात लिंग नसल्यामुळे इंग्रज माणूस ते पुढच्या वाक्यातील सर्वनामाने सुचवितो. आणि नेमके तेथेच चिनी विद्यार्थ्याचा पाय घसरतो. चिनी बोलीत ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच आहे. लेखनात ‘ती’साठी स्वतंत्र चिन्ह रूढ झाले, तेही 1920 नंतर. त्यामुळे ज्या भगिनीविषयी तो बोलत असतो, ती दोन वाक्यांत पुरुष होऊन बसते. दुसरी चूक याहून स्वाभाविक आहे : तो चुलतभावाला सरळ ‘ब्रदर’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याचा समज सख्खा भाऊ असा होतो. भारतीयांनी यावर ‘कझिन ब्रदर’ असा तोडगा शोधून काढला आहे. इंग्रज वैयाकरणाला तो रुचत नाही. पण त्यामागची गरज खरी आहे. संबोधनाचा नियमही शिकवावा लागतो. चिनी घरात थोरल्या भावंडाला नात्याने हाक मारावयाची असते. इंग्रज आपल्या कझिनला नावानेच हाक मारतो.

‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’ या प्रयोगाचा अर्थही येथेच सांगितलेला बरा. ‘रिमूव्ह्ड’ म्हणजे दुरावलेला नव्हे, एका पिढीने वरचा किंवा खालचा. चुलतभावाचा मुलगा हा असा नातलग होय. चिनी आणि मराठी माणूस त्याला पुतण्या म्हणून मोकळा होतो.

अनुवादकाच्या दृष्टीने पाहता, जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) या एका शब्दाने किती माणसे झाकली जातात हे पाहण्यासारखे आहे. डार्सीची कझिन अ‍ॅन ही त्याची मावसबहीण. कर्नल फिट्झविल्यम हा मामेभाऊ. चिनी भाषांतरात दोघेही ‘ब्याओ’, आणि कर्नल वयाने थोडा मोठा म्हणून ‘ब्याओ-ग’. पण मिस्टर कॉलिन्सपाशी लेखणी अडते. बेनेट घराण्याची मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडे जावयाची आणि ती कॉलिन्सकडे जाणार, म्हणजे तो ‘थांग’ असावा. परंतु त्याचे आडनाव वेगळे, म्हणजे ‘ब्याओ’. ऑस्टिनने याचा खुलासा केलेला नाही, आणि इंग्रजी वाचकाला त्याची उणीव भासत नाही.

उलट दिशेने जाताना हानी अधिक होते. त्साओ श्वे-छिन याच्या ‘लाल महालातील स्वप्न’ या अठराव्या शतकातील कादंबरीचा नायक पाओ-यू याच्या आयुष्यात दोन मुली आहेत. ताय-यू ही त्याची आतेबहीण, पाओ-छाय ही मावसबहीण. विसाव्या प्रकरणात रुसलेल्या ताय-यूची तो समजूत घालतो, ती नात्याच्याच आधारे : आपण बहीणभावांची मुले, ती दोन बहिणींची, तेव्हा तू अधिक जवळची. इंग्रजीत दोघीही ‘कझिन’ असल्याने अनुवादकाला हा युक्तिवाद फोड करून मांडावा लागतो. मराठीत तो दोन शब्दांत उभा राहतो.

या नात्यांना कायद्याचाही संदर्भ आहे. ‘थांग’ भावंडांचा विवाह परंपरेने निषिद्ध होता, ‘ब्याओ’ भावंडांचा होत असे. 1980 च्या विवाहकायद्याने तोही बंद केला. त्याच वर्षी एका दांपत्यास एकच अपत्य हे धोरण देशभर लागू झाले आणि 2015 अखेरपर्यंत टिकले. ज्या शहरी मुलांचे आईवडील दोघेही एकुलते एक आहेत, त्यांना ‘थांग’ही नाहीत आणि ‘ब्याओ’ही नाहीत. ‘कझिन’ म्हणजे कोण, हे त्यांना सांगताना शिक्षकाला आधी हे आठ चिनी शब्द शिकवावे लागतात.