दोन इंटरनेट लाइन, एक राउटर आणि नेटवर्किंगमधलं करिअर

नेटवर्किंगच्या कोर्सची फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला एक काम देऊन बघा. लिनक्स टाकलेल्या कॉम्प्युटरचा राउटर करायचा, त्याला दोन इंटरनेट लाइन जोडायच्या आणि ट्रॅफिक दोन्हींवर वाटायचं. हॉस्पिटल, कारखाने, बँकांच्या शाखा अशा ठिकाणी एक लाइन बंद पडली तरी काम थांबू नये म्हणून दोन लाइन घेतात, तेव्हा हे काम खरोखर कुणाला तरी करावंच लागतं.

सुरुवात सोपी वाटते. १०० एमबीपीएसच्या लाइनला वजन २, ५० च्या लाइनला १, असे दोन गेटवे (प्रत्येक लाइनचं बाहेर जायचं दार) एकाच कमांडमध्ये देता येतात. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. एका फाइलचं डाउनलोड १५० च्या वेगाने येत नाही, कारण वाटणी कनेक्शननुसार होते आणि एक कनेक्शन एकाच लाइनवरून जातं. मग बँकेच्या साइटवरून मध्येच लॉगआउट व्हायला होतं. एकाच माणसाची काही कनेक्शन्स एका लाइनवरून, काही दुसरीवरून गेली, तर बँकेला दोन वेगळे आयपी पत्ते दिसतात आणि संशय येतो. बाहेरून दुसऱ्या लाइनवर आलेल्या विनंतीचं उत्तर पहिल्या लाइनवरून निघालं, तर ते बऱ्याचदा वाटेतच टाकून दिलं जातं. त्यासाठी प्रत्येक लाइनचं स्वतंत्र राउटिंग टेबल करायचं, कनेक्शनवर खूण लावायची आणि आत आलेल्या वाटेनेच उत्तर परत पाठवायचं.

सगळ्यात फसवी अडचण वेगळीच असते. मोडेमचा दिवा हिरवा, गेटवे पिंगला उत्तर देतोय, पण त्याच्या पुढे सगळं ठप्प. म्हणून लाइन जिवंत आहे का, हे दूरच्या सर्व्हरला विचारून तपासावं लागतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समधलं एमवॅन३ हे पॅकेज हे सगळं आपणहून करतं. तरी आधी एकदा हाताने करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन लाइन घरी नसल्या तरी अडत नाही. लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमुळे एकाच लॅपटॉपमध्ये तीन-चार खोटे राउटर उभे करून सराव करता येतो, तोही फुकट. पॅकेट कुठे हरवलं हे टीसीपीडम्प या पॅकेट टिपणाऱ्या साधनात शोधताना मूल जेवायचं विसरलं, तर हे क्षेत्र त्याचं आहे. दुसऱ्या दिवशीच कंटाळलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

या क्षेत्रात यायचे मार्ग अनेक आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, किंवा बारावीनंतर बीएस्सी आयटी. सोबत सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा द्यावी, आणि लिनक्सची आवड असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए. या दुसऱ्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते.

पहिली नोकरी बऱ्याचदा नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, शिफ्टची असते. रात्रपाळी आहे म्हणून मुलीला थेट नाही म्हणू नका. कंपनी ने-आण करते का, पाळ्या कशा बदलतात, हे विचारा. आणि क्लासवाल्याने शंभर टक्के प्लेसमेंटचा बोर्ड दाखवला, तर आधी लॅब बघायला मागा. दोन गेटवेचं राउटिंग प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतो का, की सर प्रोजेक्टरवर करून दाखवतात, हे तिथल्या चालू बॅचच्या मुलांनाच विचारा.