पायात सापडलेल्या गोट्या : मालकी कोणाची, मोल किती?

प्रश्न : सोलापुरातला आमचा पणजोबांच्या काळचा वाडा पाडून तिथेच नवे घर बांधत आहोत. पाया खोदताना बुजलेल्या पेवातल्या मातीत मजुराला पंचवीस-तीस गोट्या सापडल्या. बहुतेक फिकट हिरव्या काचेच्या आहेत. पाच-सहा गोट्यांत रंगीत पट्टे पिळल्यासारखे दिसतात, दोन दगडाच्या आहेत. परदेशातले संग्राहक अशा एकेका गोटीला हजारो रुपये देतात, असे चुलतभाऊ सांगतो. मजूरही वाटा मागतो आहे. या गोट्या कोणाच्या? त्यांची किंमत कशी ठरवायची? परदेशी विकता येतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी गोट्या ओळखून घेऊ, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

फिकट हिरव्या, एकरंगी गोट्या बहुधा सोड्याच्या बाटलीतल्या असाव्यात. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी चकतीला घट्ट बसते आणि बाटली बंद राहते. बाटली फुटली की गोटी मुलांच्या खेळात जायची. अशा बाटल्या आपल्याकडे आजही वापरात आहेत, त्यामुळे नुसत्या गोटीवरून वय सांगता येत नाही. बाजारात तिला फारशी किंमतही नाही.

पट्टेवाल्या गोट्या भिंगाखाली पाहा. जर्मनीतल्या लाउशा गावात 1846 च्या सुमारास काचेच्या कांडीपासून गोटी कापण्याची खास कात्री तयार झाली आणि तिथून हातघडणीच्या गोट्या जगभर गेल्या. अशा गोटीच्या दोन्ही टोकांना, जिथे काच कापली तिथे, खरबरीत खूण राहते आणि पट्टे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत यंत्रावर गोट्या बनू लागल्या. त्यांच्यावर ही कापल्याची खूण नसते.

दगडाच्या गोट्यांना आरपार भोक आहे का, तेही तपासा. भोक असेल तर तो मणी आहे आणि गोट्यांपेक्षा कितीतरी जुना असू शकतो. मात्र वय ठरवताना घाई नको. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांवर पांढरी माती घालत आणि ती अनेकदा जुन्या वस्तीच्या टेकाडावरून खणून आणत. वाड्याच्या ढिगाऱ्यातला मणी त्या मातीबरोबर दुसऱ्या गावाहून आलेला असू शकतो.

आता मालकी. यासाठी 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम पाहावा लागतो. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेली, काही किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे ‘निधी’. त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडले, हे त्यात लिहावे लागते. ते लपवले तर सापडवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लपवायला मदत करणारा जागामालकही शिक्षेला पात्र ठरतो.

म्हणून मजुराची मागणी हसण्यावारी नेऊ नका. निधी बेवारस ठरला आणि आधी काही करार झालेला नसेल, तर कायद्याचा नियम असा : तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, उरलेला जागामालकाला. सरकारला तो निधी हवा असेल तर धातूची वा वस्तूच्या मालाची किंमत आणि त्यावर एक पंचमांश देऊन सरकार तो घेऊ शकते. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या मातीत सापडलेली 216 सोन्याची नाणी मजुरांनी घरी ठेवली आणि अखेर पोलिसांनी ती जप्त केली. वेळीच कळवले असते तर कायद्याने हिस्सा मागण्याची वाट त्यांना मोकळी होती.

खेळताना हरवून मातीत मिसळलेल्या सुट्या गोट्या म्हणजे कोणी दडवलेला ठेवा नव्हे, असे माझे मत आहे. तरीही दहा रुपयांची मर्यादा इतकी खाली आहे आणि वस्तू पेवातून निघाल्या आहेत, तेव्हा लेखी कळवण्यातच तुमचे हित आहे.

परदेशी विक्रीबाबत मात्र उत्तर स्पष्ट आहे. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार गतकाळातील कला, कारागिरी किंवा रूढी दाखवणारी, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, टपालानेही नाही. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे. वस्तू पुरावशेष आहे की नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतो. देशात पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो.

चुलतभावाच्या हिशेबातली चूक इथेच आहे. गोटी खरोखर शंभर वर्षांची असेल तर ती परदेशी ग्राहकाकडे जाऊ शकत नाही. त्याहून नवी असेल तर तिला ती जुनी किंमत मिळणार नाही. संग्राहक हातघडण, पट्ट्यांची नजाकत, आकार आणि पृष्ठभाग पाहतात. आत प्राण्याची चंदेरी आकृती असलेल्या गोटीला ते विशेष मान देतात. टवका उडालेल्या किंवा मातीने खरबरीत झालेल्या गोटीचा भाव घसरतो, आणि चकाकी यावी म्हणून घासली तर आणखी घसरतो. संकेतस्थळावर मागितलेल्या किमतीवर विसंबू नका. तशीच गोटी प्रत्यक्ष कितीला विकली गेली, ते पाहा.

माझ्या दृष्टीने या गोट्यांचे खरे मोल त्यांच्या नोंदीत आहे. सोलापूरपासून जवळच असलेल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत मिळणारे मणी, मृण्मूर्ती आणि इतर वस्तू आयुष्यभर जपल्या. त्या संग्रहातून आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. एका प्राचीन ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनातले ‘तगर’ म्हणजे हेच तेर, आणि त्या काळच्या कारागिरांची ओळख अशा लहान वस्तूंतूनच पटते. वस्तू कुठली हे माहीत असले तरच ती अभ्यासकाला काही सांगते.

तेव्हा राखेने वा रसायनाने काही घासू नका. प्रत्येक गोटी वेगळ्या पिशवीत ठेवा. पेवातली जागा, खोली आणि तारीख लिहा, मोजपट्टीसह छायाचित्रे काढा. सोबत निघालेली खापरे, नाणी, बाटल्यांचे तुकडे राडारोड्यात टाकू नका. वाड्याच्या सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर भाऊबंदांची नावे असतील तर त्यांनाही कळवा. मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा आणि दोन्हींची पोच घ्या. अर्जात सापडवणारा म्हणून त्या मजुराचे नाव न विसरता लिहा.