किब्ला आपल्या जागीच असतो
वास्तववाद आणि प्रतिवास्तववाद : एक अभ्यास



वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम हे गाव आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो आणि वरोरा-चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो. पावसाळ्यातील एका रात्रीची कल्पना करा. आभाळ भरून आले आहे. एक प्रवासी जामच्या पुढे आडरस्त्यावर थांबला आहे. मोबाइल बंद पडला आहे, तारे दिसत नाहीत, विचारावे असे जवळपास कोणी नाही. त्याला इशाची नमाज अदा करायची आहे. किब्ला कोणत्या दिशेस आहे?

या साध्या प्रश्नात युरोपीय तत्त्वज्ञानातील एक मोठा वाद दडलेला आहे. आपणास तो समजून घ्यावयाचा आहे, कारण त्याचा संबंध आपल्या ईमानाशी आणि रोजच्या व्यवहाराशीही आहे.

वाद काय आहे?

वस्तू आपल्या जाणण्यावर अवलंबून नसतात, कोणी पाहो वा न पाहो त्या असतात, या मताला वास्तववाद म्हणतात. याउलट, ज्ञात्यापासून पूर्णपणे अलग अशा सत्याविषयी बोलण्यात अर्थ नाही, असे मानणाऱ्या विविध मतांना प्रतिवास्तववाद असे एकत्रित नाव देता येईल. बर्कलीने 1710 मध्ये असा विचार मांडला की, जडवस्तूंचे अस्तित्व म्हणजे त्यांचे जाणले जाणे होय. कान्टने 1781 मध्ये सांगितले की, वस्तू स्वतः कशी आहे हे आपणास कळत नाही, ती आपल्या बुद्धीच्या चौकटीतून जशी प्रकट होते तशीच कळते. विसाव्या शतकात मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने प्रश्न भाषेकडे वळवला. ज्या विधानाची शहानिशा करण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नाही, तेही खरे किंवा खोटे असलेच पाहिजे, असे कशावरून म्हणायचे, असे त्याने विचारले.

महाराष्ट्रातील चर्चा

हा वाद महाराष्ट्राला परका नाही. खानदेशातील अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. अद्वैत वेदान्ताचा पाश्चात्त्य विचाराच्या तुलनेत अभ्यास हे त्याचे प्रमुख कार्य होते. तेथील जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी 1933 मध्ये ‘अज्ञान’ याच विषयावर एक ग्रंथ सिद्ध केला. अंधारात दोरी साप भासते, तो साप कोठून आला आणि कोठे गेला, हा त्या परंपरेतील जुना प्रश्न आहे. येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अद्वैत म्हणजे ‘ज्याला जे वाटेल ते खरे’ असे मत नव्हे. बाह्य वस्तू केवळ मनातील कल्पना आहेत, या विज्ञानवादी बौद्धांच्या मताचे खंडन स्वतः शंकराचार्यांनी केले आहे. साप हा भ्रम होता असे म्हणण्यासाठीही दोरी तेथे असावीच लागते.

इस्लामी विद्वानांची भूमिका

इमाम नसफी (मृत्यू हि. 537, इ.स. 1142) यांची अकीद्यावरील छोटी पुस्तिका तफ्ताजानींच्या भाष्यासह भारतातील मदरशांत पिढ्यानपिढ्या शिकवली जाते. तिचा आरंभच या विषयाने होतो. वस्तूंचे वास्तव सिद्ध आहे आणि त्याचे ज्ञान शक्य आहे, असे प्रथम मांडून मगच ग्रंथकार पुढे जातात. ज्ञानाची तीन साधने ते सांगतात : निकोप इंद्रिये, सत्य वार्ता आणि बुद्धी. ज्याला जगाच्या असण्याचीच खात्री नाही, तो जगावरून जगाच्या निर्मात्याकडे कसा पोहोचणार?

भाष्यकार विरोधकांचे तीन गट सांगतात. वास्तव सरळ नाकारणारे ते इनादिया. ‘माझ्या दृष्टीने असे’ एवढेच सत्य मानणारे ते इंदिया. ‘आम्हास ठाऊक नाही’ असे म्हणत राहणारे ते लाअद्रिया. आजच्या वादातील अनेक सूर या तीन नावांत ओळखू येतात.

परंतु शंका घेणे म्हणजे अपराध, असे आपल्या विद्वानांनी मानले नाही. इमाम गजाली (मृत्यू इ.स. 1111) स्वतः सुमारे दोन महिने अशा संशयाने ग्रासले होते. तारा डोळ्यांना नाण्याएवढा दिसतो, पण गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. मग इंद्रियांवर विसंबावे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. हा संशय केवळ युक्तिवादाने फिटला नाही, अल्लाहने हृदयात घातलेल्या प्रकाशाने फिटला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

प्रवाशाकडे परत

आता आपल्या प्रवाशाकडे वळू. हनफी फिक्हमध्ये त्याच्यासाठी स्पष्ट नियम आहेत. सांगणारा कोणी असेल तर त्याने विचारावे. नसेल तर ‘तहर्री’ करावी, म्हणजे खुणा पाहून, मन एकाग्र करून दिशेचा अंदाज घ्यावा आणि नमाज अदा करावी. दिशा चुकली होती असे नंतर कळले, तरी नमाज पूर्ण झाली, ती पुन्हा अदा करण्याची गरज नाही. नमाज चालू असताना चूक कळली, तर त्याच अवस्थेत योग्य दिशेस वळावे. मात्र शंका असूनही काहीच प्रयत्न न करता तो उभा राहिला आणि दिशा चुकली, तर नमाज पुन्हा अदा करावी लागेल.

वाचकहो, या नियमांवर थोडे थांबून विचार करा. प्रवाशाला वाटेल तोच किब्ला असता, तर त्याला मध्येच वळण्याचे कारण उरले नसते. तो वळतो, कारण काबा त्याच्या समजुतीप्रमाणे जागा बदलत नाही. विदर्भातून तो पश्चिमेस, किंचित उत्तरेकडेच आहे. दुसरीकडे, केवळ वास्तवाशी जुळणे हीच अट असती, तर प्रामाणिक प्रयत्नानंतर चुकलेल्याची नमाज व्यर्थ गेली असती. ती व्यर्थ जात नाही. सत्य माणसावर अवलंबून नाही, परंतु माणसाची जबाबदारी त्याच्या आवाक्याएवढीच आहे. प्रतिवास्तववादाने आपल्या ज्ञानाची मर्यादा नेमकी ओळखली. त्याची चूक एवढीच की, ज्ञानाची मर्यादा तीच त्याने वास्तवाचीही मर्यादा ठरवली.

व्यवहारातील कसोटी

हे केवळ पुस्तकी पांडित्य नव्हे. जामच्या परिसरातील शेतकरी कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जातो. कापसात ओलावा किती, यावर भाव ठरतो. व्यापारी एक म्हणतो, शेतकरी दुसरे म्हणतो. ‘तुमचे सत्य तुमचे, आमचे सत्य आमचे’ हे तत्त्व येथे लावले, तर निकाल ज्याचे बळ अधिक त्याच्या बाजूने लागेल. दुबळ्याचा आधार एकच असतो : दोघांच्या मताहून वेगळे असे काही खरोखर आहे आणि ते मोजता येते. म्हणूनच कुरआनने मापात घट करणाऱ्यांना कठोर ताकीद दिली (सूरह 83) आणि साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याचा आदेश दिला (4:135). सत्य आपल्या सोयीने ठरत असते, तर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याला काय अर्थ उरला असता?

म्हणून दोन गोष्टी एकत्र धराव्यात. सत्य आहे, हा विश्वास ठेवावा, आणि ते पूर्णपणे आपल्याच मुठीत आहे, हा अहंकार सोडावा. नमाजमध्ये चूक कळताच वळणारा प्रवासी या दोन्हींचा आदर्श आहे.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य शोधण्याची तळमळ देवो आणि ते कळताच त्याकडे वळण्याचे बळ देवो. आमीन.