औषधाची किंमत आणि ७२ तास

मागणी-पुरवठ्याचे आलेख आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी वहीभर काढतो. परंतु किंमत उतरली म्हणून माणसे जगली, असे उदाहरण क्रमिक पुस्तकात मला भेटले नाही. ते एच. आय. व्ही.च्या औषधांत भेटले.

आपल्या देशात या विषाणूचा छडा १९८६ साली मद्रासमध्ये लागला. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, तेथील मराठी घरातल्या. पुढे दहा वर्षांनी तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार गुणकारी ठरला; पण खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात! २००१ मध्ये सिप्लाच्या डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे ३५० डॉलरला देऊ केली. हे साधले कसे? आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाला स्वतःला पेटंट नव्हते, ते बनवण्याच्या रीतीला होते. रीत बदला, औषध बनवा. (२००५ मध्ये ही मुभा गेली.) २००४ पासून तर सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात, आपल्या एम. वाय. रुग्णालयातही असे केंद्र आहे.

किंमत शून्य झाली, तरी गिऱ्हाईक दबकत येते. इंदूरला पोह्यांच्या गाडीवर साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चर्चा खुशाल चालते. या गोळीचे नाव निघत नाही. मी वर्गातल्या सात मित्रांना ‘७२ तास’ म्हणजे काय, असे विचारले. एकालाही सांगता आले नाही.

निरोध फाटला, वापरलेली सुई टोचली, बळजबरी झाली, तर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांकडून औषध सुरू करून ते २८ दिवस घेतल्यास लागण बहुधा टळते. चौथ्या दिवशी गेल्यास त्याचा उपयोग राहत नाही. धोक्याआधीच घ्यायच्या गोळीला अमेरिकेने २०१२ मध्ये मान्यता दिली, सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या औषधाला २०२५ मध्ये. लागण झालेल्याने रोज औषध घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राखला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, हेही आता सिद्ध आहे.

२०१७च्या कायद्याप्रमाणे संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि एच. आय. व्ही. आहे एवढ्यावरून कॉलेजातून काढता येत नाही. विचारपूस करण्यासाठी १०९७ हा दूरध्वनी विनामूल्य आहे. नाव सांगावे लागत नाही. हा क्रमांक या अंकाच्या कन्नड विभागातही छापावा, अशी संपादकांना विनंती.