बॅटरी उतरते कशाने?
जुन्या मोटारगाडीतील चार्जिंगचा दोष शोधण्याची सोपी रीत



आपल्यापैकी कित्येकांच्या दारी अजून जुनी ॲम्बॅसडर, फियाट किंवा जीप उभी आहे. उत्तरपाडा येथील कारखान्यात ॲम्बॅसडर बनणे २०१४ साली थांबले. फियाट तर त्याच्याही आधी. तरी वडिलांनी घेतलेली गाडी म्हणून ती जिवापाड सांभाळणारी घरे आहेत. अशा गाडीचे रडगाणे बहुतेक एकच असते : सकाळी सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज, मग चार माणसे धक्क्याला. "बॅटरी गेली, नवी टाका" हा सल्ला मिळतो. नवी टाकली की दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. पैसे गेले, दोष जागच्या जागी. आणि नेमकी रात्री-अपरात्री घरच्या आजारी माणसाला न्यायची वेळ आली की गाडी हलत नाही. म्हणून हा दोष शोधावा कसा, ते या पाठात पाहू.

तीन प्रश्न

शेतावरचा हौद डोळ्यांपुढे आणा. सकाळी हौद रिकामा दिसला तर कारण तीनपैकी एक असते. मोटर पुरेसे पाणी फेकत नाही. हौदालाच भेगा आहेत. किंवा रात्री कुठला तरी पाट उघडा राहिला. गाडीचेही तसेच आहे. डायनामो किंवा अल्टरनेटर वीज देत नाही, बॅटरी वीज धरत नाही, की वीज कुठे तरी गळते? या क्रमाने तपासले तर चाचपडावे लागत नाही. साहित्य थोडके लागते : साधा मल्टीमीटर, हायड्रोमीटर आणि होल्डरमध्ये बसवलेला बारा व्होल्टचा लहान बल्ब.

पहिली पायरी : बॅटरी

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग सहाही सेलची ग्रॅव्हिटी पाहा. भरलेल्या सेलमध्ये ती १२५० च्या आसपास असते, ११५० म्हणजे सेल रिकामा. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरीला फक्त चार्जिंग हवे. पाच चांगले आणि एकच फार खाली असेल, तर तो सेल बिघडला. तेव्हाच नव्या बॅटरीचा विचार करावा.

आता टर्मिनल पाहा. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. सेलची बुचे मात्र घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारले जाते. बॅटरीच्या माथ्यावर ॲसिडमिश्रित धूळ साचली तर तिच्यातूनही वीज हळूहळू वाहते. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली असते, तिकडेही लक्ष द्या. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट ९.६ च्या खाली पडू नयेत. ते बारापर्यंत टिकून आहेत आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. सांधा किंवा सेल्फच तपासा.

दुसरी पायरी : चार्जिंग

आधी फॅनबेल्ट. मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबावा. ढिला पट्टा घसरतो आणि डायनामो पुरेसा फिरत नाही. मग इंजिन चालू करून रेस जराशी वाढवा आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. १२.५ वरच काटा अडला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला; अशाने बॅटरीचे पाणी उकळून आटते.

जुन्या गाड्यांत डायनामो असतो. त्याला दोन वायरी : जाड ती 'डी', बारीक ती 'एफ'. चार्जिंग येत नसेल तर दोन्ही वायरी काढा. डायनामोची ती दोन टोके उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि तार व बॉडी यांच्यामध्ये मीटर लावा. इंजिन हळूहळू वाढवा. व्होल्ट भराभर चढले तर डायनामो चांगला. दोष कट-आउट, रेग्युलेटर किंवा वायरिंगमध्ये. वीस व्होल्टच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका. मीटर मुळीच हलला नाही तर कार्बन झिजलेले किंवा अडकलेले असतात. अर्धा-एक व्होल्टच आला तर फील्डच्या गुंडाळीत, चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचरमध्ये दोष समजावा.

डायनामोची एक खोड ध्यानात ठेवा. इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. गळीत हंगामात तोडीच्या फडावर रात्री हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली भरतात, गाडी मंद घुरघुरत उभी असते. दोन हेडलाइट मिळून सुमारे ९० वॉट, म्हणजे साडेसात अँपिअर. दोन तासांत १५ अँपिअर-तास गेले. साठाच्या बॅटरीचा चौथा हिस्सा! अशा वेळी दोष गाडीत नसून वापरात असतो.

तिसरी पायरी : गळती

इग्निशन बंद, दिवे बंद, दारे बंद. बॅटरीचे अर्थिंगचे टर्मिनल सोडवा आणि बॅटरीचे टोक व सुटी वायर यांच्यामध्ये तो लहान बल्ब जोडा. बल्ब पेटला म्हणजे गाडी बंद असूनही वीज वाहते आहे. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या पाटावर गळती. जुन्या गाड्यांत फ्यूज फार थोडे आणि पुष्कळ वायरी फ्यूजविना असतात. म्हणून त्या सांध्यावर सोडवून पाहाव्या लागतात. डायनामोची 'डी' वायर काढल्यावर बल्ब विझला तर कट-आउटचे पॉइंट चिकटले आहेत आणि बॅटरी उलट डायनामोत रिकामी होते आहे. अल्टरनेटर असल्यास त्याचा डायोड गळतो. नेहमीचे चोर आणखी दोन : डिकीचा न विझणारा दिवा आणि अडकलेला ब्रेकलाइटचा स्विच.

बल्ब न पेटताही बारीक गळती असू शकते. त्यासाठी मल्टीमीटर दहा अँपिअरवर ठेवून बल्बच्या जागी लावा. तो लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. जुन्या गाडीत आकडा शून्याच्या जवळ हवा. घड्याळ असेल तर किंचित. हिशेब पाहा : डिकीचा पाच वॉटचा दिवा दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. समजा एखाद्या सभासदाने मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात प्रतापनगरला बिऱ्हाड केले आणि गाडी पंधरवड्यातून एकदाच गावाकडे निघते. तो एक दिवा सहा दिवसांत साठाची बॅटरी कोरडी करील, आणि शिव्या बॅटरी कंपनीला बसतील!

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. उष्णतेने सेलमधील पाणी आटते, बॅटरी आपोआप लवकर उतरते आणि तिच्या प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात खिळखिळी झालेली बॅटरी पुष्कळदा थंडीच्या पहाटे, इंजिन जड झाल्यावर दगा देते. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचे नाही, नळाचे नाही, आणि ॲसिड तर नाहीच.

हे विसरू नका

१. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ बिडी-काडी पेटवू नका.
२. अर्थिंगचे टर्मिनल आधी सोडवा आणि शेवटी जोडा.
३. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते. बॅटरी बसवण्यापूर्वी खात्री करून घ्या.
४. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून चार्जिंग पाहण्याची जुनी सवय सोडा. अल्टरनेटरचे डायोड त्याने जळतात.
५. उभ्या गाडीचे इंजिन दहा मिनिटे घुरघुरवल्याने बॅटरी भरत नाही. आठवड्यातून अर्धा तास रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर अर्थिंगचे टर्मिनल सोडून ठेवा.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ या तीन पायऱ्यांना द्यावी. मापे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत आणि गॅरेजमध्ये जाताना ती वही सोबत न्यावी. आकडा हातात असलेल्या गिऱ्हाइकाला नको ती बॅटरी कोणी सहसा विकत नाही.