टेबलावरची सात पुस्तकं

चि. मुक्ता,


ताई जाऊन जेमतेम दोन महिने झाले आणि लोकांनी तुझ्या टेबलावर सात पुस्तकं आणून ठेवली. यातलं कुठलं वाचू, विचारतेस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो.

ते दुःखाच्या पाच टप्प्यांचं पुस्तक आधी उचलून ठेव. "मला राग येतच नाही गं मावशी, माझं काही चुकतंय का?" हे त्याचंच देणं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते टप्पे मांडले, ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. तुझं काही चुकत नाहीये.

बाकीच्यांत एवढंच बघ, माणूस गेल्यावर किती दिवसांनी लिहिलंय. सी. एस. लुईसची बायको १९६० मध्ये गेली. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत तो लिहीत बसला आणि पुढच्याच वर्षी ते टोपणनावाने छापलं. एरवी लोकांना धर्म समजावून सांगणारा माणूस, इथे देवालाच जाब विचारतो. जोन डिडियनचा नवरा ३० डिसेंबर २००३ च्या रात्री जेवणाच्या टेबलावरच गेला. नऊ-दहा महिन्यांनी बाई लिहायला बसल्या. त्याचे बूट त्यांना कुणाला देववेनात. परत आला तर लागतील ना! ते वाचून मी पुस्तक मिटलं. तुझ्या काकांच्या चपला मी दीड वर्ष दाराशी ठेवल्या होत्या. शेजारणीला सांगायचे, चोराला वाटू दे घरात पुरुषमाणूस आहे.

'श्यामची आई' तिघांनी दिली म्हणतेस. देणारच. पण साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली आणि पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं १९३३ मध्ये. सोळा वर्षांनी आई अख्खी दिसते, लहानपणापासूनची. तुला अजून नळ्या लावलेलीच दिसते ना? मलाही. तेव्हा एक प्रत ठेव, दोन वाचनालयात दे.

डिडियनचं माझं पुस्तक उद्या कुरियरने टाकते. पेन्सिलीच्या खुणा आहेत, लक्ष देऊ नकोस. नाही झेपलं तर अर्ध्यात सोड.

आणि तुझी आत्या साड्या आवरायला येणार म्हणत होती. तिला सांग, दिवाळीनंतर बघू. ती मरून इरकल ताईने शेवटची नेसली होती. मी येईपर्यंत धुवायला टाकू नकोस.

तुझी,
मावशी